त्याच चिठ्ठ्या, दोन निकाल: तुलनात्मक राजकारणाचा पहिला तास

आधी ब्रिटनची राज्यघटना, मग अमेरिकेची, मग फ्रान्सची, असं शिकवत गेलं की पोरांचे देश पाठ होतात, तुलना काही येत नाही. तुलना म्हणजे जमेल तितकं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून काय होतं ते बघायचं. पहिल्या तासाला हे हातानंच करून घ्या.

६० चिठ्ठ्या लागतील. खऱ्या पक्षांची नावं टाळा, पाचव्या मिनिटाला वाद सुरू होतो. सांगलीत हळद, द्राक्ष आणि ऊस हे उमेदवार पुरतात. चिठ्ठ्या आधीच भरून ठेवा, कारण पोरांना खरं मतदान करू दिलं तर कधी कधी दोन्ही निकाल सारखेच येतात आणि मुद्दा हुकतो. बाकांच्या पाच रांगा म्हणजे पाच मतदारसंघ, प्रत्येकी १२ मतं. पहिल्या तीन रांगांत हळद ५, द्राक्ष ४, ऊस ३. चौथीत हळद ५, द्राक्ष ३, ऊस ४. पाचवीत हळद १, द्राक्ष ७, ऊस ४.

आधी लोकसभेसारखं मोजा, रांगेत ज्याची मतं जास्त त्याची जागा. हळदीला ४, द्राक्षाला १, उसाला भोपळा. मग त्याच चिठ्ठ्या एकत्र करून प्रमाणशीर पद्धतीनं मोजा. ६० भागिले ५, म्हणजे एका जागेला १२ मतं. द्राक्ष २२, हळद २१, ऊस १७; प्रत्येकी एक जागा, बाकी १०, ९ आणि ५. उरलेल्या दोन जागा मोठी बाकी असलेल्यांना. द्राक्ष २, हळद २, ऊस १. एकूण मतांत द्राक्षच पुढे होतं, हे तुम्ही सांगू नका. फळ्यावरची बेरीज पोरांनाच करू द्या.

आता देश आणा. २०१४ साली भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्क्यांवर ६५० पैकी ४११. नेपाळच्या २७५ जणांच्या प्रतिनिधी सभेत १६५ थेट आणि ११० प्रमाणशीर पद्धतीनं येतात, म्हणजे वर्गातल्या दोन्ही मोजण्या एकाच सभागृहात.

घरचा अभ्यास सरपंचपदावर द्या. महाराष्ट्रात २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ पासून परत थेट. सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं, असं गाव ज्यानं पाहिलंय त्याला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) यांच्यातली ओढाताण वेगळी समजवावी लागत नाही. मात्र आपल्या गावची निवडणूक नेमकी कोणत्या साली झाली हे आधी लिहून आणायला सांगा. सगळ्या गावांनी तिन्ही नियम अनुभवलेले नसतात. आणि फरक दिसला की पोरं लगेच नियमाला श्रेय देतात. तेव्हा विचारायचं: त्याच वर्षी साखर कारखान्याची निवडणूक होती का? भावकी फुटली होती का?