अमेरिकेतील स्थानिक रॉक रेडिओ केंद्राचा इतिहास कसा लिहावा

अमेरिकेतील एखाद्या शहरातल्या व्यावसायिक रॉक रेडिओ केंद्राचा इतिहास लिहायला घेतला, की पहिली फसगत नावापाशीच होते. केंद्राला सरकारी परवाना असतो, फ्रिक्वेन्सी असते, कॉल लेटर्स म्हणजे बहुधा चार अक्षरांची अधिकृत खूण असते आणि श्रोत्यांच्या तोंडी बसलेले टोपणनाव असते. या चारही गोष्टी एकाच केंद्राच्या असल्या तरी त्या एकत्र जन्मत नाहीत आणि एकत्र संपतही नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण घ्या. १९६८ पासून के-एस-ए-एन हे नाव तिथे ९४.९ मेगाहर्ट्झवरच्या रॉकशी जोडले गेले होते. १९८० मध्ये त्या केंद्राने रॉक सोडून कंट्री संगीत धरले. आज तीच चार अक्षरे १०७.७ मेगाहर्ट्झवरचे सॅन मटेओचे केंद्र वापरते आणि तेही रॉकच वाजवते, ९४.९ वर मात्र के-वाय-एल-डी हे वेगळ्याच संगीताचे केंद्र आहे. केवळ अक्षरांचा माग काढणारा लेखक ही दोन्ही रॉक केंद्रे एकच समजून बसेल. म्हणून आधी ठरवा, की तुम्हाला परवान्याचा इतिहास लिहायचा आहे, नावाचा, की त्या काळच्या माणसांचा. माझ्या मते कणा परवान्याचा असावा आणि बाकीचे त्यावर चढवावे. अमेरिकेची प्रसारण-नियामक संस्था एफसीसी प्रत्येक केंद्राला एक फॅसिलिटी आयडी देते. कॉल लेटर्स बदलली, मालक बदलला, तरी हा क्रमांक त्या परवान्यासोबत राहतो, त्यामुळे टिपणवहीच्या पहिल्याच पानावर तो लिहून ठेवावा.

त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे. साधारण १९८० पर्यंतच्या परवान्यांच्या नोंदी एफसीसीने हिस्ट्री कार्डांवर ठेवल्या होत्या आणि त्या कार्डांच्या प्रतिमा आता संकेतस्थळावर पाहता येतात. कार्डावर बांधकामाची परवानगी, प्रक्षेपकाची वीजशक्ती, अँटेनाची उंची, मालकीचे हस्तांतर अशा गोष्टी तारखेनिशी नोंदलेल्या असतात, मात्र कुठले गाणे वाजले याचा पत्ता तिथे लागत नाही. संगीतासाठी त्या काळची स्थानिक वृत्तपत्रे, व्यवसायाच्या वार्षिक सूची आणि केंद्राने छापलेल्या गाण्यांच्या साप्ताहिक याद्या धुंडाळाव्या लागतात. जाहिरातीचे जुने दरपत्रक हाती लागले तर सोन्याहून पिवळे, कारण बंडखोरीच्या आठवणी सगळे सांगतात, पण एका मिनिटाची किंमत किती होती हे कोणी जपून ठेवत नाही.

स्थानिक घटना मांडताना देशभरातल्या काही तारखा मनात असाव्यात, नाहीतर एखाद्या मालकाच्या लहरीला भलतेच श्रेय दिले जाते. १९४५ मध्ये एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून ८८ ते १०८ वर हलवण्याचा निर्णय झाला आणि लोकांच्या घरातले जुने एफएम संच निरुपयोगी ठरले. १९६१ मध्ये एफएम स्टिरिओला मान्यता मिळाली. मात्र रॉकच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो १९६४ चा नियम. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एएम आणि एफएम दोन्ही केंद्रे बाळगणाऱ्या मालकाला एफएमवर निम्म्याहून अधिक वेळ एएमचाच कार्यक्रम पुन्हा लावण्याची मुभा उरली नाही. नियम लांबणीवर पडत पडत १९६७ च्या सुरुवातीला पूर्णपणे लागू झाला. रिकाम्या झालेल्या तासांत काय लावायचे हा मालकांपुढचा प्रश्न होता, आणि सुट्या प्रसिद्ध होणाऱ्या छोट्या गाण्यांऐवजी अल्बममधली लांबलचक गाणी वाजवू पाहणारे निवेदक स्वस्तात मिळत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या के-एम-पी-एक्स केंद्रावर निवेदक टॉम डोनाह्यू यांनी १९६७ च्या एप्रिलमध्ये नेमके हेच केले. पुढच्या वर्षी तिथे संप झाला आणि ती मंडळी वर उल्लेखलेल्या के-एस-ए-एनवर गेली. १९७० च्या दशकात ली अब्रॅम्स यांच्यासारख्या सल्लागारांनी निवेदकाच्या हातातली निवड काढून घेऊन ती संशोधनावर बेतलेल्या यादीकडे सोपवली. दशक संपेपर्यंत एफएमचे श्रोते एएमहून अधिक झाले होते. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९९६ चा दूरसंचार कायदा. त्याने देशभरातील मालकीची ४० केंद्रांची मर्यादा उठवली आणि मोठ्या शहरात एका कंपनीला आठपर्यंत केंद्रे ठेवू दिली. तुमच्या केंद्राचा मालक १९९६ ते २००० दरम्यान दोन-तीनदा बदललेला दिसला तर त्याचे कारण बहुधा इथेच सापडेल.

केंद्र चालते कसे हे लिहिण्यासाठी मात्र कागद पुरेसे नाहीत. एक तासाचे प्रसारण ध्वनिमुद्रित करा, कागदावर घड्याळाची तबकडी काढा आणि प्रत्येक घटक त्याच्या मिनिटावर मांडा. तासाच्या तोंडाशी कॉल लेटर्स आणि त्यांना लागूनच परवान्याच्या गावाचे, म्हणजे ज्या गावासाठी परवाना दिला आहे त्याचे, नाव ऐकू येईल. ही ओळख कायद्याने सक्तीची आहे, आणि ज्या मोठ्या शहरासाठी केंद्र चालते ते शहर अनेकदा परवान्याचे गाव नसते, हेही तेव्हाच उमगते. पुढे गाण्यांची प्रतवारी करावी: नवी, नुकतीच लोकप्रियतेवरून उतरलेली आणि जुनी खात्रीची. व्यवसायात याच तबकडीला क्लॉक म्हणतात. तबकडीच्या प्रत्येक कप्प्यात कुठल्या प्रतीचे गाणे यायचे हे आधीच ठरलेले असते आणि प्रत्यक्ष गाणे निवडण्याचे काम संगणकप्रणाली करते.

तबकडीवर जाहिरातींच्या जागा पाहिल्या, की अर्थकारण उलगडते. श्रोतामापनाचे एकक पाव तासाचे आहे, आणि दीर्घकाळ नियम असा होता, की पाव तासात किमान पाच मिनिटे ऐकणारा त्या पूर्ण पाव तासाचा श्रोता धरला जाई. साहजिकच केंद्रे सलग गाणी लावून श्रोत्याला पाव तासाच्या सीमेपलीकडे नेत आणि जाहिराती मधल्या मिनिटांत कोंबत. हे मापन पूर्वी आर्बिट्रॉन कंपनी श्रोत्यांनी भरलेल्या डायऱ्यांवरून करीत असे. पुढे मोठ्या शहरांत अंगावर बाळगायचे यंत्र आले आणि २०१३ मध्ये ती कंपनी नीलसनने घेतली. आकडे उताराला लागले की कार्यक्रम-संचालकाची गच्छंती होते, हा या धंद्याचा जुना शिरस्ता आहे.

खर्चाच्या बाजूला पगार, मनोऱ्याचे भाडे, वीज आणि गीतकार-संगीतकारांच्या संस्थांना, म्हणजे ॲस्कॅप, बीएमआय वगैरेंना, द्यावी लागणारी परवाना-रक्कम येते. हवेतून होणाऱ्या प्रसारणासाठी गायक-वादकांना मात्र अमेरिकेत मानधन मिळत नाही, ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. पैसे घेऊन गाणे वाजवले तर ते हवेवर जाहीर करणे बंधनकारक आहे; १९५९ च्या पेओला, म्हणजे गाणे वाजवण्यासाठी लाच घेण्याच्या, प्रकरणानंतर, १९६० मध्ये, कायदा त्याबाबत कडक झाला.

चालू दरांचा अंदाज हवा असेल तर केंद्राची सार्वजनिक फाइल, म्हणजे कोणालाही पाहता येणारे त्याचे दप्तर, उघडावी. २०१८ पासून रेडिओ केंद्रांच्या या फायली एफसीसीच्या संकेतस्थळावर आहेत आणि राजकीय जाहिरातींचे करार व दर तिथे ठेवावे लागतात. या नोंदी दोन वर्षेच जपण्याचे बंधन असल्याने निवडणुकीचे वर्ष सरताच त्या उतरवून घ्याव्यात.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, आणि निवेदकांइतकाच वेळ तंत्रज्ञांना व जाहिरात-विक्रेत्यांना द्यावा. ‘तेव्हा कसे होते?’ असे विचारले तर पाठ झालेला किस्साच ऐकायला मिळतो. त्याऐवजी हिस्ट्री कार्डाची प्रत समोर ठेवून, ‘या तारखेला वीजशक्ती वाढली, त्या दिवशी तुम्ही मनोऱ्यावर होता का?’ असे विचारावे. गावाच्या टोकाला राहणाऱ्या कोणाचा फोन आला, पहिल्यांदा कुठवर आवाज पोहोचला, हे मग त्यांना आपोआप आठवू लागते.