फळमाशीच्या रंगदृष्टीवर प्रयोग करताय? या चुका टाळा

फळमाशीच्या रंगदृष्टीवरचे बरेच प्रयोग मेंदूपर्यंत पोचण्याआधी दिव्यापाशीच फसतात. आपल्याला दिसतं तसंच माशीलाही दिसतं, असं कोणी उघडपणे म्हणत नाही. पण हे गृहीतक उपकरणांच्या वाटेने प्रयोगात शिरतं.

लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो. अतिनील एलईडीसमोर तो जवळपास शून्य दाखवेल, आणि माशी मात्र त्याच दिव्याकडे झेपावेल. म्हणून वर्णपटमापक वापरा आणि तीव्रता फोटॉनच्या संख्येत नोंदवा. संगणकाचा पडदा तर बादच समजा. त्यात अतिनील नाहीच, उलट माशीच्या डोळ्यातल्या आर७ या प्रकाशग्राही (प्रकाश टिपणाऱ्या) पेशींतली आरएच३ आणि आरएच४ ही रंगद्रव्यं अनुक्रमे साधारण ३४५ आणि ३७५ नॅनोमीटरला सर्वाधिक प्रतिसाद देतात. लाल दिवा म्हणजे माशीसाठी काळोख, हेही अर्धसत्य आहे. लाल प्रकाश प्रखर असेल तर तिला तो जाणवतो.

ओढ म्हणजे रंगज्ञान नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. माशी हिरव्याऐवजी अतिनील दिव्याकडे गेली की ‘तिला रंग ओळखता आला’ असा निष्कर्ष काढला जातो. पण एक दिवा तिला नुसता जास्त उजळ भासला असेल तरी ती तेच करेल. खरी कसोटी वेगळी आहे: एका रंगाची साखरेशी सांगड घालून माशीला शिकवा, मग दोन्ही दिव्यांची तीव्रता उलटसुलट बदला. तरीही ती शिकवलेलाच रंग निवडत असेल, तर तिला रंग कळतो असं म्हणता येईल. हा शब्दच्छल नाही, कारण दोन्ही वर्तनांमागच्या चेतापेशी पूर्णपणे एक नाहीत. अतिनीलाच्या ओढीसाठी मेंदूच्या दृष्टिभागातल्या डीएम८ पेशी लागतात. प्रत्येक डीएम८ डझनभर आर७ पेशींकडून संकेत गोळा करते. रंग शिकण्यात मात्र त्याच भागातल्या टीएम५ आणि टीएम२० पेशींचा वाटा दिसून आला आहे. प्रश्न एक आणि चाचणी दुसऱ्याची, असं झालं तर भलत्याच पेशीला श्रेय जातं.

‘आर८चा संकेत खाली का जातोय?’

मेडुलामध्ये (मेंदूच्या दृष्टिभागातला एक भाग) आर८ या दुसऱ्या प्रकाशग्राही पेशीच्या टोकांचं कॅल्शियम इमेजिंग (पेशीतल्या कॅल्शियमच्या चढउतारावरून तिची हालचाल टिपणं) करताना अतिनील प्रकाशात संकेत मूळ पातळीच्याही खाली गेला, तर सूक्ष्मदर्शकाला दोष देऊ नका. प्रकाशग्राही पेशी हिस्टामिन सोडतात, आणि त्याने समोरच्या पेशीतल्या क्लोराइड वाहिन्या उघडून ती पेशी दबते. एकाच नेत्रिकेतल्या (संयुक्त डोळ्याच्या एका छोट्या घटकातल्या) आर७ आणि आर८ अशाच रीतीने एकमेकींना दाबतात. त्यात डीएम९ पेशी शेजारच्या नेत्रिकांचीही भर घालते. म्हणजे रंगांची तुलना पहिल्याच टप्प्यावर सुरू झालेली असते, आणि नुसत्या रंगद्रव्याच्या शोषण-आलेखावरून या टोकांचा प्रतिसाद सांगता येत नाही. ‘आर१ ते आर६ (नेत्रिकेतल्या उरलेल्या प्रकाशग्राही पेशी) फक्त हालचालीसाठी’ ही पाठ्यपुस्तकी वाटणीही घट्ट धरून बसू नका. रंगभेद ओळखण्यात त्यांचाही हातभार असल्याचं २०१३ मध्ये दाखवलं गेलं.

चेताजोडण्यांचे नकाशे आता हाताशी आहेत, त्यामुळे जोडण्या मोजून थेट निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण जोडणी उत्तेजक आहे की दमनकारी, हे तिच्या आकड्यात लिहिलेलं नसतं. त्यात ग्लुटामेट हा चेतापेशींमधला रासायनिक निरोप्या तर फारच फसवा. माशीत तो कुठे उत्तेजित करतो, कुठे दाबतो. समोरच्या पेशीत तो निरोप झेलणारा ग्राही कोणता आहे, त्यावर ते ठरतं.

पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या वर्तनाच्या प्रयोगात शक्यतो नकोत. त्यांच्या डोळ्यांत आडोशाचं रंगद्रव्य नसल्याने एका नेत्रिकेतला प्रकाश दुसरीत झिरपतो. खाद्यात कॅरोटिनॉइड कमी असतील तर प्रकाश टिपणारं रंगद्रव्य, म्हणजे रोडॉप्सिनच घटतं, तेव्हा तुलनेतल्या सगळ्या माश्या एकाच खाद्यावर वाढवा.

इमेजिंगमध्ये आणखी एक घोळ होतो. माशीला दाखवलेला हिरवा प्रकाश थेट सूक्ष्मदर्शकाच्या शोधकात शिरतो आणि पेशीचा प्रतिसाद असल्याचं भासवतो. दिवा लागताक्षणी, पेशीबाहेरच्या पार्श्वभूमीतही तेवढीच उडी दिसली, तर संशय घ्या. सूक्ष्मदर्शकाचा स्कॅनर नोंद न घेता परत फिरत असतानाच दिवा पेटेल अशी जुळणी करा. मग तोच प्रयोग नॉर्पए जनुकात उत्परिवर्तन असलेल्या माश्यांवर करून बघा. या माश्यांच्या डोळ्यांत प्रकाशाचं संकेतात रूपांतर होत नाही, त्यामुळे तिथेही ‘प्रतिसाद’ आला तर तो डोळ्यातून आलेला नाही.