दुरुस्ती परवडेना अशी जुनी गाडी काढून टाकताना

गॅरेजमधून खर्चाचा अंदाज आला, आकडा पाहून डोळे विस्फारले, आणि गाडी दारात उभी राहिली. मग चार महिने ती तशीच उभी राहते. बॅटरी उतरते, टायर बसतात, ब्रेक डिस्कला चिकटतात, आणि जी गाडी सेल्फ मारल्यावर निदान सुरू तरी होत होती ती ढकलूनच बाहेर काढावी लागते. उभ्या गाडीची किंमत चालत्या गाडीपेक्षा भराभर पडते. म्हणून निर्णय लवकर घ्या, पण हिशेब करून.

मेकॅनिक गाडीत काय बिघडलंय ते मोजतो. विकताना तुम्हाला मोजायचंय ते काय शाबूत आहे.

आधी हिशेब

तीन आकडे काढा. अशीच, याच वर्षाची, धडधाकट चालणारी गाडी कितीला जाते? तुमची गाडी आहे तशी कितीला जाईल? आणि दुरुस्तीला किती लागतील? समजा धडधाकट गाडीचे 100 येतात, तुमच्या नादुरुस्त गाडीचे 30, आणि दुरुस्ती आहे 60 ची. म्हणजे 60 घातल्यावर किंमत 70 ने वाढणार. कागदावर 10 चा फायदा. तो प्रत्यक्षात हाती लागत नाही, कारण इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडल्यावर अंदाजात नसलेलं काहीतरी निघतंच. गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) बदलायला हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं की ते वाकलेलं सापडतं, मग ते मशीनवर घासून घ्यावं लागतं, हेडचे बोल्ट नवे लागतात, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) नवं लागतं. म्हणून अंदाजावर निदान पाचवा हिस्सा चढवूनच पुढचा विचार करा.

गाडी विकायची नसून आणखी दोन-तीन वर्षं वापरायची असेल तर चौथा आकडाही लागतो: या काळात येऊ घातलेला खर्च. टायर, क्लच प्लेट, शॉकॅबसर, टायमिंग बेल्ट. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम दारात उभ्या असतील तर आजची दुरुस्ती हा फक्त पहिला हप्ता आहे असं समजा. दुरुस्तीचा खर्च धडधाकट गाडीच्या निम्म्या किमतीपुढे गेला की गाडी सोडावी, असा ढोबळ नियम सांगतात. तो वाईट नाही. पण बाकी सगळं ठणठणीत असलेल्या आणि तुम्हीच नीट सांभाळलेल्या गाडीला तो डोळे मिटून लावू नका. तेवढ्या पैशात येणारी दुसरी जुनी गाडी कशी निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं, ही तुम्हाला आतून-बाहेरून माहीत आहे.

बिघाड नक्की काय आहे ते कळू द्या

‘इंजिन गेलंय’ एवढंच सांगितलंत तर घेणारा सगळ्यात वाईट शक्यता धरूनच भाव देतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासून घ्या, स्वस्तात होतं. पेट्रोल इंजिनात चांगल्या सिलिंडरला साधारण 10 ते 13 बार दाब येतो. एखाद्यात तो फार खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल तर बहुतेक वेळा त्यांच्यामधलं गॅस्केट उडालेलं असतं. असे आकडे लिहिलेला कागद हातात असला की ‘इंजिन बाद’ म्हणून कुणी पाडून मागू शकत नाही.

एक नेहमीची चूक: ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की लोक गॅस्केट उडालं म्हणून मोकळे होतात. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही वाफ साचून अशी साय धरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढा. तीवरचं ऑइलही दुधाळ असेल, कूलंट गळती न दिसता कमी होत असेल आणि धूर पांढरा येत असेल, तर मात्र शंका खरी.

मग पत्रा. गाडीखाली वाकून दारांखालचे उंबरे, फ्लोअर, शॉकॅबसरच्या वरच्या टोकाची बैठक आणि सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलेत त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. शाबूत पत्रा टणटण वाजतो. आतून गंजलेला थपथप करतो, आणि टोक टेकवलं तर आत जातं. इंजिन बदलता येतं, पण सांगाड्याचा गंज उपसायला गाडीच नव्याने बांधावी लागते. त्यामुळे मेलेलं इंजिन आणि खणखणीत पत्रा असलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं: कुणाकडे तरी अपघातात ठोकलेली, पण इंजिन चांगलं असलेली त्याच मॉडेलची गाडी असते. उलट मांडणी असेल, इंजिन छान आणि सांगाडा सडका, तर ती रस्त्यावर चालवण्यासाठी कुणाला विकूच नका. ती मोडीतच जायला हवी.

कुणाला द्यायची

अख्खी गाडी, आहे तशी, वापरणाऱ्याला किंवा दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजवाल्याला दिली तर बहुधा सर्वांत जास्त पैसे मिळतात. जाहिरातीत बिघाड स्पष्ट लिहा. कॉम्प्रेशनचा कागद, गॅरेजचा अंदाज आणि गंजाचे फोटो घाला. लपवलेला बिघाड पाहायला आल्यावर उघडा पडतोच, आणि मग घेणारा न लपवलेल्या गोष्टींचेही पैसे कापतो. नवी गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये एक्स्चेंजचा भाव विचारा, पण नव्या गाडीवरची सूट आधी वेगळी ठरवून घ्या. दोन्ही आकडे एकत्र आले की जुन्या गाडीला दिलेले जादा पैसे नव्या गाडीच्या किमतीत मुरवलेले असतात.

सुटे भाग विकून येणारी बेरीज अख्ख्या गाडीच्या भावापेक्षा मोठी दिसते, आणि तिथेच लोक फसतात. हेडलाइट, आरसे, दारं, डिकीचं झाकण, अल्टरनेटर, अलॉय व्हील, चालू गिअरबॉक्स हे भाग जातात. सीट, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, जुनी काच पडून राहते. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) विकायचा तर इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र) आणि चावीसकट एकत्र द्या, एकटा घेऊन दुसऱ्या गाडीत तो बहुधा चालत नाही. हे करायला बंद जागा, हत्यारं आणि काही महिने लागतात. उतरवण्याचा क्रम आतून बाहेर ठेवा, आणि चाकं, स्टिअरिंग व त्याखालचा भाग शेवटपर्यंत हलवू नका. चाकांशिवाय उरलेला सांगाडा उचलायला क्रेन लागते आणि तिचं भाडं सांगाड्याच्या किमतीला भिडतं. जागा नसेल तर या फंदात न पडलेलं बरं.

तिसरी वाट मोडीची. इथे नोंदणीकृत, परवानाधारक केंद्रच निवडा, कारण गाडी नष्ट केल्याचा दाखला तेच देऊ शकतं आणि तुमचं नाव सुटायला तो कागद लागतो. युरोपीय संघात 2000 सालच्या निर्देशापासून नोंदणी रद्द करायला असा दाखला आवश्यक आहे, आणि 2015 पासून गाडीच्या वजनाच्या 95 टक्के माल पुन्हा उपयोगात आणण्याचं उद्दिष्ट आहे.

मोडीचा भाव कसा बसतो

गाडीच्या वजनात साधारण दोन तृतीयांश लोखंड-पोलाद असतं. नोंदणीच्या कागदावर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं ते पाहा. 1000 किलोची गाडी म्हणजे 650 किलोच्या आसपास लोखंड. भाव ‘किलोला इतके’ असा सांगितला की लगेच विचारा: कोणत्या किलोला? अख्ख्या गाडीच्या, की टायर, काचा, सीट वजा केल्यावर उरलेल्या? याच प्रश्नावर दोन भंगारवाल्यांचे भाव वरखाली होतात. जास्त किलोभाव सांगणारा अनेकदा कमी किलो मोजतो. वजनकाट्याची पावती मागा.

लोखंडाखेरीज दोन वस्तूंची वेगळी किंमत लक्षात ठेवा. एक बॅटरी, जिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतो. दुसरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या नळीत इंजिनच्या बाजूला बसवलेला डबा. त्याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. धातू काही ग्रॅमच, पण ते ग्रॅम बाकीच्या लोखंडाला भारी पडू शकतात. कंपनीचा मूळ डबा आणि नंतर बाहेरून बसवलेला यांत फार फरक असतो, बाहेरच्यात हे धातू खूपच कमी असतात. डब्यावर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, जाणकार त्यावरूनच भाव सांगतात. स्वतः कापून वेगळा विकायला जाऊ नका: कित्येक देशांत त्याला मालकीचे पुरावे लागतात, आणि डबा नसलेल्या गाडीचा भाव केंद्र सरळ पाडतं.

हाच नियम बाकीच्यालाही. नवे टायर, स्टिरिओ, नवी बॅटरी काढून घ्यायची असेल तर भाव ठरवतानाच सांगा. स्टेपनी, जॅक, पाना, मॅट यांना कुणी विचारत नाही, त्या खुशाल काढा.

हात लावू नये अशा गोष्टी

एअरबॅग घरी उतरवू नका आणि तिच्या तारांना मल्टीमीटर लावू नका. त्या छोट्या करंटनेही ती फुटू शकते. बॅटरी काढल्यावरही तिच्या युनिटमधल्या कॅपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज राहते. एसीचा पाइप सोडून गॅस हवेत जाऊ देऊ नका: आर-134ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट जास्त उष्णता अडवतो आणि तो यंत्रानेच ओढून घ्यायचा असतो. कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. सीएनजी किंवा एलपीजीची टाकी असेल तर आधी सांगा, भरलेली टाकी असलेली गाडी केंद्र कदाचित घेणार नाही. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबलला हात लावायचा नाही, एवढं पुरे.

देण्याच्या आदल्या दिवशी

सीटखाली, डिकीच्या तळाशी, सनवायझरमध्ये, सीडीच्या फटीत पाहा. टोलचा टॅग काढून त्याचं खातं बंद करा. स्क्रीन असेल तर फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर तुमच्या घराचा पत्ता आणि फोनमधले नंबर गाडीबरोबर जातात. गाडी मोबाइल ॲपला जोडलेली असेल तर ॲपमधूनही काढा.

गाडी ढकलता येईल अशी ठेवा. टायरमध्ये हवा भरा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बॅटरीत जीव आहे तोवर सोडवून घ्या, ती मेल्यावर तो सुटत नाही. ऑटोमॅटिक गाडीत बहुधा गिअर लीव्हरजवळ झाकणाखाली गिअरचं लॉक सोडण्याची फट असते, ती शोधून ठेवा. चावी हवीच, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊन गाडी सरळ ओढता येत नाही.

गाडी उचलायला येतात तेव्हा

गाडी पट्ट्याने बांधून अर्धी वर चढलेली असते आणि तेवढ्यात ड्रायव्हर फोनवर बोलून येतो: ‘साहेब म्हणतात, फोटोत हा गंज दिसत नव्हता, इतकेच देऊ.’ शेजारी बघत असतात, गाडी अडकलेली असते, आणि लोक मान डोलावतात. म्हणून ठरलेला भाव, कोणते भाग असतील आणि टोइंग कुणाच्या खर्चाने, हे आधीच मेसेजवर लिहून घ्या. पैसे खात्यात जमा झालेले दिसेपर्यंत गाडीला हूक लावू देऊ नका. भाव बदलला तर ‘खाली उतरवा’ म्हणायची तयारी ठेवा. असं म्हटल्यावर जुनाच भाव बऱ्याचदा परत येतो.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि चासी नंबर भरलेली पावती करा आणि दोघांच्या सह्या घ्या. चासी नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. एक आणि शून्य आहेत की अक्षरं, हा गोंधळ त्यावरूनच सुटतो. गाडीवर कर्ज राहिलं असेल तर बँकेचं ना-हरकत आधी घ्या, नंतर ते निस्तरणं फार जड जातं.

शेवटचा टप्पा बहुतेक जण विसरतात. नोंदणी कार्यालयात मालक बदलल्याची किंवा गाडी मोडीत काढल्याची नोंद होईपर्यंत कागदावर मालक तुम्हीच. दंड तुमच्या नावाने येतो, आणि त्या गाडीने अपघात केला तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होते. नोंद झाल्याचं दोन-चार आठवड्यांनी स्वतः तपासा. ती दिसल्यावरच विमा बंद करा, आणि उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत मिळतो का ते त्याच फोनमध्ये विचारून घ्या.