डिसगाया २: लेव्हल वाढवण्याआधी उचलायला आणि फेकायला शिका

डिसगाया २ हा चौकटींच्या नकाशावर आळीपाळीने चाली करून लढायचा व्हिडिओ गेम. तो नव्याने हातात घेणाऱ्याला जुने खेळाडू दोन गोष्टी हमखास ऐकवतात. एक, कथा पहिल्या भागाइतकी हसवत नाही. दोन, आधी तासन् तास लेव्हल वाढव, मगच पुढच्या नकाशाला हात घाल. पहिलं मत आवडीनिवडीचं आहे, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरं मात्र निम्मंच खरं आहे. कथा संपेपर्यंतचे बहुतेक नकाशे लेव्हलपेक्षा डोक्याने सुटतात. अडकलेला माणूस बहुतेक वेळा कमजोर नसतो, त्याने फक्त ‘उचला’ आणि ‘फेका’ या दोन आज्ञा नीट वापरलेल्या नसतात. म्हणून इथे जास्त जागा त्या दोघींनाच दिली आहे.

आधी आपण नेमका कुठला गेम घेतोय ते बघा, कारण नावात गोंधळ आहे. निप्पॉन इचीचा ‘डिसगाया २: कर्स्ड मेमरीज’ २००६ साली प्लेस्टेशन २ वर आला. पीएसपीवर २००९ मध्ये त्याचीच वाढीव आवृत्ती ‘डार्क हीरो डेज’ या नावाने निघाली आणि २०१७ मध्ये स्टीमवर पीसी आवृत्ती आली. ‘डिसगाया डी२’ हा २०१३ चा प्लेस्टेशन ३ वरचा गेम पूर्ण वेगळा आहे. त्यात पहिल्या भागातल्या लाहार्लची गोष्ट पुढे चालते. दुकानात किंवा सेलमध्ये ‘डी२’ दिसलं म्हणून उचलाल, तर अडेल आणि रोझालिन त्यात नायक-नायिका म्हणून भेटणार नाहीत. आज खेळायचा असेल तर पीसी आवृत्ती सोयीची. डार्क हीरो डेजमधला जादा मजकूर तिच्यात आधीपासूनच आहे.

पहिला भाग खेळलेला नसला तरी चालतं. झेनॉन नावाच्या ओव्हरलॉर्डच्या, म्हणजे राक्षसांच्या राजाच्या, शापाने वेल्डाइम नावाच्या जगातली माणसं राक्षस होत चालली आहेत, माणूस म्हणून उरलाय तो एकटा अडेल. त्याची आई झेनॉनला मंत्राने बोलवायला जाते आणि समोर येते झेनॉनची मुलगी रोझालिन. दिलेला शब्द पाळायचाच हा अडेलचा हट्ट, आणि त्या हट्टापायी होणारी फरफट, यावर सगळा विनोद उभा आहे. एटनासारखी पहिल्या भागातली पात्रं मधेच उगवतात तेव्हा काही टोमणे डोक्यावरून जातील, पण कथा अडत नाही. संवाद मात्र घाईघाईने पुढे ढकलू नका. टिंक नावाचा बेडूक निळा असताना सभ्य असतो आणि लाल झाला की आंबटशौकीन. युकिमारू ही निंजा प्रत्येक वाक्याला ‘झॅम’ जोडते. ही गंमत लढाईत सापडायची नाही.

पहिली टोळी

एका नकाशावर एका वेळी जास्तीत जास्त १० जण उतरवता येतात. सुरुवातीला मात्र ५ किंवा ६ पुरे. लढाईतला अनुभव शेवटचा घाव घालणाऱ्याला मिळतो, त्यामुळे १० जणांची वरात घेऊन निघालात तर सगळेच अर्धपोटी राहतात. अडेल पुढे, मुठी घालून. एक हीलर (जखमा बऱ्या करणारी), एक जादूगार, एक चोर आणि लांबून मारा करणारा एक. रोझालिन आली की बंदूक तिच्या हाती द्या.

शस्त्र निवडताना दुकानातल्या किमतीपेक्षा ते कुठल्या आकड्यावर चालतं ते बघा. मुठीचा जोर हल्ला आणि वेग या दोन्हींवर अवलंबून असतो. बंदुकीचं नुकसान ठरतं ते अचूकतेवर, म्हणजे हिट या आकड्यावर. बंदूकवाल्याला हल्ला वाढवणारा पट्टा चढवून ‘हिचा मारा लागतच नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ असतात. दोष बंदुकीचा नसतो, पट्टा चुकलेला असतो. प्रत्येकाला एक शस्त्र आणि आणखी तीन वस्तू घालता येतात. त्या तीन जागा रिकाम्या ठेवून लढणं म्हणजे अनवाणी गड चढणं.

हीलर मागे पडते ही सगळ्यांचीच रड. उपाय साधा आहे. तिच्या हातात धनुष्य द्या, इतरांनी शत्रूला अर्धमेला करावं आणि शेवटचा बाण तिने मारावा. प्रत्येक नकाशावर असे दोन बळी तिच्या नावावर ठेवले तरी ती बरोबरीने चालते.

नवं पात्र डार्क असेंब्लीत, म्हणजे राक्षसांच्या सभेत, तयार होतं आणि जो ते तयार करतो तो त्याचा गुरू ठरतो. शिष्याच्या शेजारच्या चौकटीत उभं राहून गुरूला शिष्याचे मंत्र वापरता येतात. म्हणून जादूगार कुणाच्याही नावाने बनवू नका. ज्याच्या हाती पुढे मंत्र हवे आहेत, त्याच्याच नावाने बनवा.

उचला, फेका

माणसासारखं दिसणारं जवळपास कुठलंही पात्र शेजारच्याला उचलू शकतं, मग तो आपला असो की शत्रू. राक्षस जातीच्या पात्रांना मात्र उचलता येत नाही. टोळीत सगळेच राक्षस भरले की दरी ओलांडायच्या नकाशावर घोडं पेंड खातं.

दरी ओलांडायची ती अशी. चोर, अडेल आणि जादूगार शेजारी शेजारी उभे करा. जादूगाराने चोराला उचलायचं, मग चोराला डोक्यावर घेतलेल्या जादूगाराला अडेलने उचलायचं. अडेल त्या जोडीला पुढे फेकतो. जिथे पडले तिथून जादूगार चोराला आणखी पुढे फेकतो. चोराने आपली चाल अजून वापरलेली नाही, त्यामुळे खाली उतरल्यावर तो पायानेही चालतो. फेकण्याचं अंतर पात्रागणिक वेगळं असतं, म्हणून लांब फेकणारा सगळ्यात खाली ठेवा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे चोराला आधी चालवून घेणं. जो शेवटी पोचायला हवा त्याची चाल शेवटपर्यंत राखून ठेवायची. कृती होईपर्यंत चाल रद्द करून पात्र मूळ जागी नेता येतं, तेव्हा अंदाज चुकला तर घाबरू नका. पण एकदा फेकलं की ते परत घेता येत नाही.

प्रिनी नावाचं पेंग्विनसारखं पात्र फेकलं की स्फोट होतो, आजूबाजूच्यांना इजा होते आणि प्रिनी मरतं. स्वस्तातला हातबॉम्ब म्हणून हे झकास, पण फेकण्याआधी ते पडेल तिथे शेजारी आपलं कोणी उभं नाही ना, हे बघा. मेलेलं पात्र इस्पितळात पैसे मोजून उठवता येतं. इथलं चलनच हेल नावाचं आहे, म्हणजे नरकाच्या खर्चाने नरकातला जीव वाचवायचा.

शत्रूला शत्रूवर फेकलं की दोघांचा एक होतो आणि लेव्हलची बेरीज होते. अनुभव जास्त मिळतो, पण बेरीज आपल्याला झेपेल एवढीच ठेवा. लेव्हल ८ च्या दोघांचा १६ चा एक करणं ठीक, पाच जणांचा ४० चा पहिलवान केलात तर तोच तुम्हाला झोपवेल.

शत्रूला आपल्या बेस पॅनेलवरही, म्हणजे आपली पात्रं जिथून मैदानात उतरतात त्या चौकटीवरही, फेकता येतं. मग आत उरलेली पात्रं त्याच्याशी झटतात आणि जिंकली तर तो आपल्या टोळीत येतो. हरली तर बेस पॅनेलच उद्ध्वस्त होतं आणि आतल्यांना बाहेर काढायचा रस्ता बंद. म्हणून हा प्रयोग आत तगडी मंडळी असताना आणि शत्रू आधी भरपूर ठोकून झाल्यावरच.

रंगीत फरशा

नवखा खेळाडू सगळ्यात जास्त इथेच चिडतो. काही चौकटी रंगीत असतात, त्यांना जिओ पॅनेल म्हणतात. त्यांच्यावर ठेवलेले रंगीत स्फटिक म्हणजे जिओ सिम्बॉल. स्फटिक ज्या रंगाच्या फरशीवर असेल, त्या रंगाच्या सगळ्या फरशांना त्याचा गुण लागतो: अजिंक्यता, अनुभव ५० टक्के जास्त, उचलायला बंदी, असं काहीही. बहुतेक गुण दोन्ही बाजूंना सारखेच लागतात. शत्रू अजिंक्य फरशीवर उभा असेल तर तुमचा माणूसही तिथे जाऊन उभा राहू शकतो, हे बरेच जण विसरतात.

समजा लाल फरशांवर चार शत्रू आहेत आणि त्यांच्यात अजिंक्यतेचा स्फटिक. कितीही मारा, नुकसान शून्य. इथे लेव्हल १० काय आणि ६० काय, फरक पडत नाही. करायचं एवढंच. वर सांगितलेल्या साखळीने चोराला स्फटिकाजवळ पोचवा, स्फटिक उचलायला लावा आणि तो बिनरंगी चौकटीवर फेकायला सांगा. गुण त्याच क्षणी संपतो आणि उरलेले चार जण त्याच टर्नमध्ये मार खातात. म्हणून चोराला आधी पाठवायचं, हल्लेखोर राखून ठेवायचे. उलट क्रम केलात तर हल्ले फुकट जातात आणि शत्रूच्या टर्नमध्ये चोर एकटा सापडतो.

स्फटिक फोडला तर काय होतं, हेही समजून घ्या. स्फटिकाचा रंग फरशीहून वेगळा असेल तर ती सगळी फरशी स्फटिकाच्या रंगाची होते, तिच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला झटका बसतो आणि तिच्यावरचे बाकीचे स्फटिकही फुटत जातात. रंग सारखाच असेल तर काहीच होत नाही. ‘फोडला तरी काही झालं नाही’ या तक्रारीचं कारण दहापैकी नऊदा हेच असतं. बिनरंगी स्फटिक रंगीत फरशीवर नेऊन फोडला तर तो रंगच नकाशावरून पुसला जातो. साखळी जितकी लांब, तितकी बक्षिसांची पट्टी वर चढते. तेव्हा लढाई संपवायची घाई नको, शेवटचा शत्रू मारण्याआधी उरलेले स्फटिक फोडून घ्या. आणि फोडायच्या आधी आपली माणसं फरशीवरून बाजूला काढा. झटका आपलं-परकं बघत नाही.

‘क्लोन’ लिहिलेला स्फटिक दिसला तर बाकी सगळं सोडून आधी तो हलवा. दर टर्नला तो शत्रूच्या बाजूने नवी प्रत उभी करतो.

आयटम वर्ल्ड

प्रत्येक वस्तूच्या आत एक जग आहे आणि खाली उतरत गेलात की वस्तू सुधारते. साध्या वस्तूला ३० मजले, दुर्मीळ वस्तूला ६० आणि दंतकथेतल्या वस्तूला १००. बाहेर पडायची सोय दर १० मजल्यांनी. मधेच पडायचं तर मिस्टर जेन्सीज एक्झिट ही वस्तू जवळ हवी. ती न घेता उतरणं हा नवख्यांचा सगळ्यात महागडा हलगर्जीपणा. आत सेव्ह करता येत नाही, आणि सातव्या मजल्यावर सगळी टोळी संपली की तासाभराची मेहनत पाण्यात. दहाव्या मजल्यावरून बाहेर या, सेव्ह करा, मग पुन्हा आत जा.

आत सगळ्यांना मारायची सक्ती नाही. दरवाजाच्या चौकटीवर एक पात्र पोचलं की मजला पार. फेकण्याची साखळी इथे पुन्हा कामी येते. मारायला हवेत ते स्पेशालिस्ट, म्हणजे वस्तूच्या आत राहून तिला जादा गुण देणारे रहिवासी. ते मेले की तुमच्या ताब्यात येतात, त्यांची ताकद दुप्पट होते आणि एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत हलवता येतात. एकाच जातीचे एकत्र केले की बेरीज होते. सुरुवातीला स्टॅटिस्टिशियन गोळा करा, तो मिळणारा अनुभव वाढवतो. या भागात आयटम वर्ल्डमध्ये समुद्री चाचेही धाड घालतात. टोळी तयार नसेल तर त्यांच्याशी मर्दुमकी न दाखवता दरवाजा गाठा.

असेंब्ली, कोर्ट आणि पुनर्जन्म

असेंब्लीत ठराव मांडायला माना (शत्रू मारून मिळणारे पॉइंट) लागतो आणि सभासदांचं मत तुमच्याबद्दलच्या लोभावर ठरतं. मतदानाआधी वस्तू देऊन सभासद खूश करता येतात. मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. कुणाला किती द्यायचं एवढंच बघायचं: ज्याचं मत काठावर आहे त्याला द्या, कट्टर विरोधकाला खिलवणं वाया जातं. आधी सेव्ह करा, ठराव पडला तर परत लोड करा. ठराव पडल्यावर विरोधकांना ठोकून तो मंजूर करवून घ्यायचाही पर्याय येतो, पण आधी त्यांच्या लेव्हल वाचा. तिथे चार आकडी म्हातारे बसलेले असतात. पहिले ठराव दुकानात महाग माल आणायचे ठेवा, त्यांचा उपयोग लगेच दिसतो.

डार्क कोर्ट या भागात नवं आलं. समन्स ही एक वस्तू असते, तिच्या आत उतरून आरोपीने कोर्ट गाठायचं असतं. राक्षसांच्या जगात गुन्ह्यांची नोंद ही अब्रूची गोष्ट, त्यामुळे शिक्षा झाली की अभिनंदन. कथा संपेपर्यंत याकडे फार लक्ष दिलं नाही तरी चालतं. डार्क वर्ल्डचं, म्हणजे नकाशांच्या जास्त कठीण आवृत्त्यांचंही, तसंच.

पुनर्जन्माची घाई करू नका. पात्र लेव्हल १ वर येतं, मूळ आकडे सुधारतात, पण किती ते दर्जावर ठरतं. जीनियस दर्जाला माना जास्त लागतो, मात्र शिकलेलं सगळ्यात जास्त तोच राखतो. लेव्हल ३० ला हलक्या दर्जात जन्म घेतलेला अडेल पुढच्या नकाशावर पहिल्याच टर्नला आडवा होतो, आणि मग कथा अवघड आहे असं मत तयार होतं. कथा संपवायला १०० च्या आसपासची लेव्हल पुरते, कमाल ९९९९ आहे ती नंतरच्या खेळासाठी. तोवर अडेलचा माना साठवत राहा, कथा संपली की एकदाच जीनियस करा, आणि जन्म घ्यायच्या आधी सुधारलेली शस्त्रं त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवा. लेव्हल १ च्या पात्रालाही ती चढतात.