चर्चमधल्या लग्नविधीचा खर्च कसा मांडावा

लग्नाचा खर्च काढायला बसलं की पहिला सल्ला ठरलेला: आधी पाहुण्यांची यादी करा. हॉलसाठी ते बरोबर आहे. चर्चमधल्या विधीला त्या यादीचा फारसा उपयोग नाही. दीडशे माणसं आली काय नि आठशे आली काय, बाकं तेवढीच आणि वेदी तीच. म्हणून चर्चच्या खर्चाचं पान वेगळं काढा. हॉल, जेवण, कपडे, दागिने, घरापासून चर्चपर्यंतचा बँड यातलं काहीही त्या पानावर येऊ देऊ नका. आमच्या वसईतल्या कॅथलिक घरांत हिशेब बिघडतो तो इथेच. सगळं एकत्र लिहिलं की हॉलच्या आकड्यापुढे चर्चचा प्रत्येक आकडा किरकोळ वाटतो आणि ‘होऊ दे, एकदाच होतं’ म्हणत वाढत जातो.

तारीख पैशाआधी ठरवा. उपवासकाळात (ईस्टरआधीचे सुमारे चाळीस दिवस) आणि आगमनकाळात (नाताळआधीचे सुमारे चार आठवडे) आपल्याकडे लग्नं सहसा लावत नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी उरलेल्या महिन्यांत होते. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे जानेवारी आणि एप्रिल-मे हाच हंगाम, आणि त्यात शनिवार-रविवार धरलात तर फोटोग्राफरपासून फुलवाल्यापर्यंत सगळे आपला चढा भाव सांगणार. मधला वार घ्या.

कागदपत्रांचा खर्च नाममात्र असतो: स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) ताजा दाखला, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर, वर किंवा वधू दुसऱ्या धर्मग्रामातली (पॅरिशमधली) असेल तर तिथलं ना-हरकत पत्र. कामाला लवकर लागा, एवढंच.

आता अवघड भाग. चर्चला नेमकं किती द्यायचं?

हा भाग मलाही सुरुवातीला जड गेला, कारण विचारायची लाज वाटते. नातेवाईकांपैकी एक म्हणतो, संस्कार आहे, पैशाचं विचारू नये. दुसरा म्हणतो, आमच्या वेळी पाकिटात अमुक घातले होते, तेवढेच घाला. दोन्ही सल्ले सोडून द्या. १९८३ च्या कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेतला ८४८ वा नियम स्पष्ट आहे: अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या दानापलीकडे संस्कारासाठी काही मागायचं नाही, आणि गरिबीमुळे कोणी संस्काराला मुकणार नाही याची काळजी घ्यायची. पोप फ्रान्सिस यांनीही ७ मार्च २०१८ च्या बुधवारच्या जाहीर सभेत सांगितलं होतं की मिस्सेचे (चर्चमधल्या मुख्य उपासनेचे) पैसे लागत नाहीत. म्हणजे दान ठरलेलं असतं आणि ते विचारणं गैर नाही. गैर आहे ते अंदाजाने वागणं.

पहिल्याच भेटीत, तारीख नोंदवताना, सरळ विचारा: ‘फादर, लग्नासाठी ठरलेलं दान किती आणि त्यात काय काय येतं?’ या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कधीच गाळू नका. कुठे त्यात वीज, सफाई, ध्वनिक्षेपक आणि वेदीची तयारी करणारा सेवक सगळं येतं. कुठे यातलं प्रत्येक वेगळं असतं. गायकवृंद आणि ऑर्गन वाजवणारा यांचं तर हमखास स्वतंत्रपणे विचारा. वर आणि वधू, दोन्ही घरांनी गायकवृंदाला परस्पर पैसे दिलेले मी पाहिले आहेत, आणि सेवकाला कोणीच काही न दिलेलंही पाहिलं आहे. हे दुसरं मला जास्त लागतं. तो माणूस पहाटेपासून तिथे उभा असतो.

उत्तरं तिथेच कागदावर उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे कोण देणार ते लिहा: मुलाकडचे की मुलीकडचे. फादरांना आपल्या खुशीने जे द्यायचं असेल ते शेवटच्या, वेगळ्या ओळीत. ठरलेलं दान आणि खुशीचं पाकीट एकत्र केलंत की कार्यालयाचा हिशेब जुळत नाही आणि घरात कुजबुज सुरू होते. लग्न दोघांच्याही धर्मग्रामाबाहेरच्या चर्चमध्ये हवं असेल तर आधी परवानगी लागते. तिथलं दान तुमच्या चर्चइतकंच असेल असं धरू नका. आणि खरोखरच हात आखडलेला असेल तर फादरांना एकट्यात सांगा. कर्ज काढून चर्च सजवण्याची अपेक्षा देवाची नाही आणि चर्चचीही नाही.

फुलांवर माझं मत ठाम आहे: चर्चमधल्या खर्चात सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. हंगामात एकाच दिवशी एकाच चर्चमध्ये दोन-तीन लग्नं असतात. कार्यालयातून त्या दिवशीच्या इतर वेळा विचारा, त्या घरांना फोन करा आणि सजावट वाटून घ्या. समजा तीस हजारांची सजावट तीन घरांत वाटली, तर तुमच्या पानावर दहा हजारच चढतात. सजावटकाराला आधीच बजावा की फुलं वेदीच्या भोवती ठेवायची, वेदीवर नाही. मिस्साविधीच्या नियमावलीत तसंच सांगितलं आहे, आणि त्यात संयम ठेवायलाही. बाकांच्या टोकांना परदेशी फुलं कशाला? आपल्याच वाड्यांतला मोगरा आणि सोनचाफा दादरच्या बाजारात जातो, तोच थेट वाडीतून घ्या. वासही येतो.

मिस्सेची पुस्तिका छापणार असाल तर पाहुण्यांच्या निम्म्याच प्रती काढा, दोघांत एक पुरते. छपाईआधी मजकूर फादरांना दाखवा. वाचनं आणि गीतं त्यांनी बदलली तर सगळा गठ्ठा रद्दीत जातो.

फोटोग्राफरला वेदीजवळ कुठपर्यंत जाता येतं ते आधी विचारून घ्या. ड्रोनचे पैसे चर्चच्या पानावर मुळीच नकोत.

अंगठ्या, मंगळसूत्र, दोन साक्षीदार: घरचं काम.

एकूण बेरजेवर दहा टक्के वर ठेवा. विधीच्या आदल्या दिवशी पाकिटं नावं घालून भरा आणि ती एका विश्वासू माणसाकडे द्या. नवरा-नवरीच्या आईवडिलांकडे नको, त्यांना त्या दिवशी श्वास घ्यायलाही वेळ नसतो. विवाहाच्या दाखल्याच्या दोन-तीन जादा प्रती त्याच आठवड्यात मागून घ्या. पुढच्या कामांना त्या उपयोगी पडतात.