गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली: आता अपील करताना या चुका टाळा

"तारखांना किती दिवस येणार? कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो." कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी असं सांगतं आणि घाबरलेला माणूस मान डोलावतो. पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत तीच शिक्षा आडवी येते. मग घाईघाईत अपील होतं, आणि तिथेच हातातली बाजू निसटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अपिलात फक्त 'मी निर्दोष आहे' एवढंच लिहिणं. कबुलीवरून शिक्षा झाली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 416 नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 375) अपील शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच चालतं. कबुलीच नीट घेतली नव्हती, असं तुमचं म्हणणं असेल तर तेच मुख्य मुद्दा म्हणून मांडा. त्यासाठी अपील योग्य की पुनरीक्षण अर्ज (खालच्या कोर्टाचा आदेश कायदेशीर आहे का, हे वरच्या कोर्टाने तपासावं यासाठीचा), हे वकिलाशी बोलून आधी ठरवा.

दुसरी चूक, केवळ निकालाची नक्कल काढणं. खरा पुरावा कबुली नोंदवलेल्या कागदात आणि रोजनाम्यात (दर तारखेला कोर्टात काय झालं याच्या नोंदीत) असतो. त्यांचीही प्रमाणित नक्कल मागा आणि शब्द न् शब्द वाचा. आरोप समजावून सांगितल्याची नोंद आहे का? तुम्हाला समजणाऱ्या भाषेत सांगितला का? समन्स खटल्यात (तुलनेने हलक्या गुन्ह्यांच्या खटल्यात) कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असं कलम 275 (जुनं 252) सांगतं. समजा तुम्ही म्हणालात, "साहेब, धक्का लागला, पण गाडी हळू होती." यात अपघात मान्य आहे, बेदरकारपणा नाही. कागदावर मात्र छापील प्रश्नापुढे नुसतं 'कबूल' असेल, तर तुमचा मुद्दा तिथेच आहे. महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कबुली आरोपीच्या शब्दांत न नोंदवल्यामुळेच शिक्षा रद्द केली होती. वकिलाने हा निकाल जरूर वाचावा.

नावातलं शुद्धलेखन, चुकलेली तारीख असल्या गोष्टींवर भर देऊ नका. चुकीमुळे न्यायात बाधा आली, हे दाखवावं लागतं.

मुदत पाळा: सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 60, पुनरीक्षणाला 90. नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वजा होतो, म्हणून नक्कल अर्जाची तारीख जपून ठेवा. उशीर झालाच तर विलंब माफीच्या अर्जात खरी कारणं तारखांसह द्या. 'आजारी होतो' एवढ्याने भागत नाही.

प्ली बार्गेनिंगमधून (गुन्हा कबूल करून कमी शिक्षेसाठी कोर्टामार्फत केलेल्या तडजोडीतून) निकाल लागला असेल तर वाट वेगळी आहे. तिथे अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (दाद मागायची खास परवानगी मागणारी), एवढंच उरतं.

आणखी एक, जे अशिलांना कोणी आधी सांगत नाही: कबुली रद्द झाली म्हणजे सुटका झाली असं नाही. बहुतेकदा खटला परत खालच्या कोर्टात जातो, साक्षीदार येतात. त्याची तयारी ठेवा, आणि कैदेची शिक्षा असेल तर अर्जासोबतच शिक्षेला स्थगिती मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि कोठडीतल्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट नाही.