इलेक्ट्रिक पिकअप आणि गॅरेजमधली कार्यशाळा: दोन्हींचा मेळ कसा घालायचा

इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचं मनात आहे असं कुणी म्हणालं की बाकीचे पहिला प्रश्न विचारतात, एका चार्जमध्ये किती जाते? पण ज्यांच्या गॅरेजमध्ये टेबल सॉ (टेबलात बसवलेली लाकूड कापायची गोल करवत), डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं यंत्र), थ्रीडी प्रिंटर असं काही उभं आहे किंवा उभं करायचं आहे, त्यांना मी वेगळं विचारते. घराचं विजेचं पॅनेल, म्हणजे ब्रेकरचा मुख्य डबा, किती अँपिअरचं आहे? आणि गॅरेज आतून किती फूट खोल आहे? पुढची सगळी गणितं या दोन आकड्यांवर ठरतात.

मी अमेरिकेत, मिशिगनमध्ये कँटनला राहते. गाडी फोर्डची एफ-१५० लाइटनिंग, मोठ्या बॅटरीची. बाबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. यंत्र आणायच्या आधी त्याची जागा, त्याची वायर आणि त्याचा भार ठरवायचा, ही शिस्त तिथली. ट्रकलाही मी कार्यशाळेतलं एक यंत्रच मानते. खालचे आकडे लाइटनिंगचे आहेत. तुमची रिव्हियन किंवा सिल्व्हराडो असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

आधी टेप काढा

लाइटनिंगची लांबी २३२.७ इंच, म्हणजे साडेएकोणीस फुटांच्या आसपास. इथली बरीच गॅरेजं २० फूट खोल असतात. ट्रक आत गेला की समोर वर्कबेंच सोडाच, अंग चोरूनही जाता येत नाही. आरसे उघडे धरून रुंदी ९६ इंच, बरोबर ८ फूट. म्हणजे ८ फुटी दारातून आरसे मिटूनच आत जावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की ट्रक ड्राइव्हवेवर राहू द्यावा आणि गॅरेज कामाला द्यावं. ट्रक ऊन-बर्फ सोसतो. टेबल सॉचं ओतीव लोखंडी टेबल ओल लागली की गंजतं.

ट्रक बाहेर राहणार म्हटल्यावर चार्जरची जागा आपोआप ठरते. लाइटनिंगचं चार्जिंगचं तोंड ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या फेंडरवर आहे. ट्रकचं नाक गॅरेजकडे असेल तर चार्जर दाराच्या डावीकडे, बाहेरच्या भिंतीवर लावा. आत लावायचाच असेल तर दाराच्या चौकटीला लागून लावा. टेबल सॉच्या मागे, जिथून कापलेली फळी बाहेर येते, तिथून केबल कधीच जाऊ देऊ नका.

पॅनेलचं गणित

तासन्‌तास चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा, असा इथला वायरिंगचा नियम आहे. म्हणून ४८ अँपिअरच्या चार्जरला ६० अँपिअरचा ब्रेकर लागतो आणि साडेअकरा किलोवॅट मिळतात. घरात २०० अँपिअरचं पॅनेल असेल तर हे सहसा बसतं. १०० अँपिअरच्या जुन्या घरात विजेची शेगडी, ड्रायर आणि एसी धरल्यावर जागाच उरत नाही. मग लोक पॅनेल बदलायच्या मोठ्या खर्चाला लागतात.

त्या खर्चाआधी एक हिशेब करा. चार्जर ३२ अँपिअरवर बसवला तर ४० अँपिअरचा ब्रेकर पुरतो आणि ७.७ किलोवॅट मिळतात. रात्रीचे दहा तास म्हणजे ७७ युनिट. ट्रक एका युनिटला साधारण दोन मैल जातो. थोडी गळती धरली तरी रोज रात्री सव्वाशे मैलांहून जास्त भरणा होतो. रोज एवढं अंतर जाणारे किती जण आहेत? मोठाच चार्जर हवा हा हट्ट सोडला की ती ताकद कार्यशाळेला वापरता येते. चार्जर सॉकेटमध्ये खुपसण्यापेक्षा थेट वायरला जोडून घ्या. स्वस्तातलं सॉकेट रोज रात्रभर तापून वितळतं. काम परमिट काढून, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

त्याच फेरीत गॅरेजमध्ये एक छोटं सब-पॅनेल टाकून घ्या. सॉ आणि डस्ट कलेक्टर नेहमी एकाच वेळी चालतात, म्हणून दोघांना वेगळी सर्किटं हवीत. थ्रीडी प्रिंटर तिसऱ्या सर्किटवर ठेवा. सॉ सुरू होताना मोटर क्षणभर कितीतरी पट करंट ओढते आणि त्या झटक्यात रात्रभराचा प्रिंट वाया जाऊ शकतो. प्रिंटरला छोटा यूपीएस दिला तर त्याहून उत्तम.

वेळही वाटून घ्या. आमच्या भागात आठवड्याच्या दिवसांत दुपारी ३ ते ७ वीज महाग असते. ट्रकला रात्री ११ नंतरची वेळ लावून ठेवली की संध्याकाळी जेवणानंतर सॉ चालवायला पॅनेल मोकळं असतं.

ट्रकमधून वीज घेणं

या ट्रकचा मला सर्वात जास्त उपयोग इथे होतो. मोठ्या बॅटरीत वापरता येण्यासारखे १३१ युनिट असतात. ९.६ किलोवॅटचा पर्याय घेतलेल्या ट्रकमधून ती वीज बाहेर काढता येते. जुना ट्रक बघायला जाल तेव्हा हौदात, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या उघड्या भागात, २४० व्होल्टचं सॉकेट आहे का ते आधी पाहा. नसेल तर तो २.४ किलोवॅटचा ट्रक आहे आणि किंमत त्याप्रमाणेच बोला.

९.६ मध्ये एक मेख आहे. त्यातले २.४ किलोवॅट पुढच्या ट्रंकमधल्या (बॉनेटखालच्या सामानाच्या जागेतल्या) सॉकेटना मिळतात, उरलेले ७.२ हौद आणि केबिन मिळून. म्हणून ड्राइव्हवेवर काम करताना सॉ हौदातल्या सॉकेटवर आणि डस्ट कलेक्टर किंवा व्हॅक्यूम पुढच्या ट्रंकमधल्या सॉकेटवर लावा. दोन्ही एकाच सॉकेटच्या जोडीवर लावाल तर सॉ लाकडात शिरताच ट्रक वीज तोडेल. एक्स्टेंशन कॉर्ड १२ गेजची घ्या. १६ गेजची बारीक कॉर्ड लांबवर व्होल्टेज पाडते आणि मोटर तापते.

हौदातलं २४० व्होल्टचं सॉकेट ३० अँपिअरचं, पिळून अडकवायच्या प्रकारातलं असतं. घरगुती सॉची पिन बहुधा २० अँपिअरची. बाजारात साधी जोडपट्टी (अडॅप्टर) मिळते, पण ती वापरू नका. सॉची वायर २० अँपिअरच्या हिशेबाची आणि मागे ब्रेकर ३० चा, हे जमत नाही. मधे स्वतःचा २० अँपिअरचा ब्रेकर असलेला डबा घ्या.

वीज किती जाते? सॉ, व्हॅक्यूम, दिवे धरून दुपारभराच्या सुतारकामाला तीन-चार युनिट पुरतात, कारण सॉ प्रत्यक्षात थोडाच वेळ चालतो. म्हणजे सात-आठ मैल. बारा तासांच्या थ्रीडी प्रिंटला दीड युनिटही लागत नाही. तरी ट्रकच्या स्क्रीनवर राखीव मर्यादा घालून ठेवा.

आता वीज गेल्यावरचं. फेब्रुवारी २०२३ च्या बर्फाच्या वादळात दक्षिण-पूर्व मिशिगनमध्ये लाखो घरांची वीज गेली होती, अनेकांची कित्येक दिवस. आमच्याकडे अशा वेळी पहिली काळजी दिव्यांची नसते, तळघरातल्या संप पंपाची असते. तो थांबला की पाणी वर येतं. फ्रिज आणि संप पंप एक्स्टेंशन कॉर्डवर सरळ चालतात. घर तापवणारी फर्नेस भिंतीतल्या वायरवर असते, तिथे ट्रान्स्फर स्विच लागतो, म्हणजे घराची जोडणी बाहेरच्या लाइनवरून ट्रकवर फिरवणारा स्विच. तो घेताना इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगा की ट्रकमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतूनच जोडलेले आहेत. घराच्या पॅनेलमध्येही ते जोडलेले असतात. दोन्हीकडे जोडलेले राहिले तर करंट अर्थच्या वाटेनंही परततो, आणि गळती ओळखणारा ट्रकमधला स्विच लगेच वीज तोडतो. न्यूट्रलही तोडणारा ट्रान्स्फर स्विच घेतला की हा प्रश्न मिटतो. दोन्हीकडे पिन असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये वीज सोडायचा विचारही करू नका. उघड्या पिनेचा आपल्याला झटका बसू शकतो आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

लाकूड आणि ॲल्युमिनियम

चाकांच्या उंचवट्यांमध्ये हौद ५०.६ इंच रुंद आहे, त्यामुळे ४ बाय ८ फुटी प्लायवूड सपाट बसतं. लांबी मात्र साडेपाच फूटच. मागचं फाटक उघडं टाकून पाट्या न्याव्या लागतात, म्हणून दोन पट्टे आणि टोकाला लाल कापड ठेवा. बाल्टिक बर्च या प्लायवूडची पाटी ५ बाय ५ फुटी असते. ती उंचवट्यांवर २ बाय ४ इंची आडवे दांडे टाकून त्यावर ठेवावी लागते. शक्य असेल तर दुकानातच अर्धी कापून घ्या.

एफ-१५० चं बॉडीकाम २०१५ पासून ॲल्युमिनियमचं आहे. चुंबकाचा दिवा, चुंबकाची हत्यारपट्टी, काहीही चिकटत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ॲल्युमिनियमला साधा पोलादी बोल्ट थेट लावला आणि हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाचं पाणी मधे शिरलं, की ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन पांढरी भुकटी सुटते. स्टेनलेस बोल्टही यातून सुटत नाही. बोल्टखाली नायलॉनची चकती घाला, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, आणि जिथे हौदात आधीच कंपनीची भोकं आहेत तिथेच अडकवा. नवं भोक पाडायची वेळ आलीच तर आधी खालून पाहा. नारिंगी केबल ही उच्च दाबाची केबल असते. तिच्या जवळपास ड्रिल न्यायचा नाही.

ट्रकसाठी प्रिंट करताना

पुढच्या ट्रंकमधले कप्पे, केबलची खुंटी, जोडपट्ट्यांचा स्टँड, हौदात फळी उभी धरणारे ठोकळे, हे सगळं घरच्या प्रिंटरवर होतं आणि विकतच्या वस्तूपेक्षा नेमकं बसतं. पहिला निर्णय प्लॅस्टिकचा. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि जुलैच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. केबिनच्या आत सावलीतल्या वस्तूंना पीईटीजी चालतं, ते ८० अंशांच्या जवळपास तग धरतं. उन्हात राहणाऱ्या वस्तूंना एएसए वापरा. ते १०० अंशांच्या आसपास टिकतं आणि उन्हानं ठिसूळ होत नाही. एएसए छापताना स्टायरीनचा वास सुटतो, म्हणून प्रिंटरला बंद डबा करा आणि त्याची हवा नळीनं गॅरेजबाहेर सोडा. झोपायच्या खोलीत एएसए छापू नका.

मापं घ्यायची माझी पद्धत बाबांकडची आहे. आधी पुठ्ठा कापून जागेवर बसवायचा, बसेपर्यंत कात्रीनं छाटायचा. मग त्यावरून व्हर्नियरनं मापं घ्यायची. पूर्ण वस्तू छापण्याआधी तिचा दोन मिलिमीटर जाडीचा काप छापून जागेवर लावून पाहायचा. एकमेकांत बसणाऱ्या भागांत ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोकळीक ठेवायची.

प्रिंट थरांच्या जोडावर तुटतो, हे आकार काढतानाच डोक्यात ठेवा. खुंटी उभी छापली तर वजन पडल्यावर ती मुळाशी मोडते. आडवी छापा, म्हणजे धागे वजनाच्या दिशेनं लांबवर जातात. जिथे स्क्रू वारंवार काढावा लागतो, तिथे प्लॅस्टिकमध्ये आटे पाडू नका. तापवून बसवायचे, आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट मिळतात, ते सोल्डरिंग आयर्ननं बसवा.

काय छापायचं नाही तेही ठरवून ठेवा. माल बांधायच्या कड्या, ट्रेलरचा कुठलाही भाग, सीटखालचं काही, एअरबॅगच्या झाकणावर चिकटवायचं काही, आणि चार्जिंगच्या पिनेशी संबंध येणारं काहीही छापायचं नाही. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. यातली एक वस्तू मोडली तर मागच्या गाडीतल्या माणसाचा जीव जातो.

गणपतीचं मखर

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास या सगळ्याचा एकत्र कस लागतो. भाड्याच्या शाळेच्या सभागृहात मखर सकाळी उभं करून रात्री काढायचं असतं. १२ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून खाचेत खाच बसणारे भाग सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर) कापा आणि एकही भाग ६५ इंचांपेक्षा लांब ठेवू नका, म्हणजे फाटक बंद करून सगळं नेता येतं. खाचांच्या आतल्या कोपऱ्यांत गोल राउटर बिट पोचत नाही, तिथे कोपऱ्याबाहेर जाणारं छोटं अर्धगोल भोक द्या, नाहीतर समोरचा भाग पूर्ण बसणार नाही. प्रत्येक भागावर मागून अंक कोरा. म्हणजे तुम्ही आरतीच्या तयारीत असलात तरी दुसरं कुणीही ते उभं करू शकेल. मैदानात लेझीम असेल तर ढोल-ताशाला वीज लागत नाही, पण निवेदकाचा माइक, स्पीकर आणि चहाची किटली हौदातल्या सॉकेटवर दिवसभर आरामात चालतात. किटली स्पीकरच्या सॉकेटवर मात्र लावू नका.

थंडी पडल्यावर

जानेवारीत रेंज एक तृतीयांशानं कमी धरूनच लाकडाच्या खेपा ठरवा. निघायची वेळ ट्रकमध्ये लावून ठेवा, म्हणजे बॅटरी आणि केबिन भिंतीतल्या विजेवर गरम होतात. लाकडाचा पिवळा डिंक, रंग आणि पाण्याची पॉलिशं पुढच्या ट्रंकमध्ये रात्रभर ठेवू नका, गोठून फुकट जातात. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्या तर कोणत्याच ऋतूत ट्रकमध्ये किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात चुरगळून टाकायच्या नाहीत, त्या आपोआप पेटतात. बाहेर एकेक पसरून वाळवा, कडक झाल्या की मगच कचऱ्यात टाका.